मोशनवाला सिम्युलेटर, पण मोशन वेळेवर नाही (३ स्टार)

मी सेसनावर (एका इंजिनाचं छोटं विमान) ट्रेनिंग घेतोय, आता पुढे मल्टी इंजिन, म्हणजे एकापेक्षा जास्त इंजिनांचं विमान, करायचंय म्हणून वर्धा रोडकडच्या एका सेंटरवर दोनदा सिम्युलेटरवर (हलणारी नकली कॉकपिट, हे हलणं म्हणजेच मोशन) बसून आलो. तासाला ३,५०० रुपये, एसी चांगला, इन्स्ट्रक्टर सर खूपच समजावून सांगणारे.

पहिल्या टेकऑफला जीव खूश झाला भाऊ. थ्रॉटल पुढे केला अन् पाठ सीटमधे दाबली गेली. सरांनी सांगितलं, केबिन पुढे कुठेच जात नाही, ती फक्त हळूहळू मागे कलते, स्क्रीनवर रनवे सरळच दिसतो, अन् कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा आहे तिला कलणं कोणतं अन् वेग वाढणं कोणतं हे वेगळं कळत नाही. ब्रेक मारला की उलटं, केबिन पुढे कलते. एअरलाइनचे लेव्हल डी, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचे, सिम्युलेटर सहा पायांवर उभे असतात, त्यांना सगळ्याच दिशांनी हलता येतं. इथला तीन पायांचा, नाक वर-खाली, डावं-उजवं कलणं अन् वर-खाली धक्का एवढंच, नाक आडवं फिरणं याला जमत नाही.

अन् मला हवं होतं नेमकं तेच. सरांनी टेकऑफमधे डावं इंजिन बंद केलं, खऱ्या विमानात नाक झटक्यात डावीकडे जातं, ते आधी बुडाला कळतं अन् उजवा पाय रडरवर (नाक डावं-उजवं वळवणारं पेडल) जातो. इथे मला स्क्रीनवर रनवेची मधली रेघ सरकलेली दिसली तेव्हा कळलं, तोवर विमान गवतात.

दुसऱ्या वेळी तर केबिन चित्राच्या मागे राहत होती. मी वळण संपवून विंग्ज लेव्हल केले तरी ती कलतच होती, वीस मिनिटात मळमळायला लागलं, कपाळावर घाम. म्हटलं, सर, मोशन बंद करता का? त्यांनी लगेच केली, अन् उरलेल्या वेळात होल्डिंग (एकाच जागी घिरट्या घालत थांबणं) अन् दोन आयएलएस (रेडिओ सिग्नलच्या आधारे रनवेकडे उतरत येणं) इतके छान झाले की काय सांगू, नजर पूर्णवेळ इन्स्ट्रुमेंटवर. ढगात शिरल्यावर शरीर सांगतं त्यावर नाही तर आर्टिफिशियल होरायझनवर (विमान किती कललंय ते दाखवणारं इन्स्ट्रुमेंट) विश्वास ठेवायचा असतो, ते शिकायला हलणारी सीट लागत नाही. मोशनमुळे खऱ्या विमानात पायलट जास्त चांगला उडवतो का, यावर संशोधकांचंही अजून एकमत नाहीये.

म्हणून फक्त इन्स्ट्रुमेंट बघून उडवायच्या सरावासाठी जात असाल तर बुक करतानाच मोशन बंद ठेवा म्हणा अन् रेट कमी करून मागा, मला ५०० कमी केले.