स्टोनवेअरची बेकिंग भांडी: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी सगळ्यात महत्त्वाचं. स्टोनवेअर, म्हणजे कडक भाजलेली मातीची भांडी, साधारण १२०० अंश सेल्सियसच्या भट्टीत भाजून निघतं, त्यामुळे घरच्या ओव्हनच्या २२० अंशांनी त्याचं काही बिघडत नाही. ते फुटतं ते तापमान एकदम बदलल्यामुळे. एक भाग तापून फुगतो, शेजारचा गारच राहतो आणि त्या ताणाने तडा जातो.

म्हणून फ्रीजमधलं भांडं अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवून मगच ओव्हनमध्ये घालावं. गोठलेल्या पदार्थाचा गोळा भांड्यात मधोमध ठेवून भाजणं सगळ्यात वाईट. आधी तो पूर्ण वितळू द्यावा. गरम भांड्यात गार दूध किंवा पाणी ओतू नये. ते दगडी ओट्यावर किंवा सिंकमध्येही ठेवू नये, लाकडी पाट किंवा घडी केलेलं कोरडं फडकं घ्यावं. ओल्या फडक्याने तर दुहेरी धोका: भांड्याला तडा आणि वाफेने हाताला चटका. गॅसची आच आणि वरून तापणारा ग्रिल वर्ज्य. रिकामं भांडं तापवायचं की नाही, हे कंपनीच्या सूचनापत्रात बघा. तसं लिहिलं नसेल तर तापवू नका.

भाजण्यात हे भांडं उजवं आहे, पण सावकाश तापतं. धातूच्या ट्रेसाठी दिलेल्या वेळेपेक्षा पाच-दहा मिनिटं जास्त धरावीत. बाहेर काढल्यावरही आतलं शिजत राहतं, त्यामुळे ब्राउनी किंचित ओलसर असतानाच काढलेली बरी. बिनग्लेझच्या (काचेसारखा चकचकीत थर नसलेल्या) थाळीवर पावाचा तळ फार छान खरपूस होतो. पातळ बिस्किटांना मात्र मी धातूचाच ट्रे घेईन.

ग्लेझ असलेलं भांडं साबणाने खुशाल धुवा. त्यावरच्या करड्या रेघा बहुतेक वेळा चरे नसतात, चमच्या-सुरीचा धातू लागलेला असतो. खाण्याच्या सोड्याच्या लगद्याने निघतो. बिनग्लेझची माती साबण शोषते आणि त्याची चव पदार्थात उतरते. भांडं पूर्ण निवल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून गरम पाण्याने धुवावं, रात्रभर वाळवावं. तपकिरी डाग म्हणजे पक्कं झालेलं तेल, ते घासून काढू नका, त्यानेच पदार्थ चिकटायचं कमी होतं. पृष्ठभाग चिकट लागत असेल तर तेल जास्त होतंय. ब्रशने अगदी पातळ थर पुरे.

अधूनमधून रिकामं भांडं बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर कुठेतरी बारीक तडा आहे, मग ते ओव्हनमध्ये नको. अन्न लागतं तिथल्या ग्लेझचा टवका उडाला असेल, तरी ते स्वयंपाकातून काढावं. गोंदाने चिकटवलेलं भांडं तर कधीच तापवू नये.