ट्रिपल-एत थांबायचं की कोरियाला जायचं?

वय अठ्ठावीस, काम बेसबॉलमध्ये पिचरचं, म्हणजे चेंडू टाकण्याचं, आणि अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेच्या, मेजर लीगच्या, कुठल्याही संघाच्या चाळीस जणांच्या यादीत नाव नाही. अशा खेळाडूपुढे हिवाळ्यात दोन करार येतात: एक मेजर लीगच्या एक पायरी खालच्या ट्रिपल-एचा, दुसरा कोरियन लीगचा.

ट्रिपल-एत ओढून धरणारी गोष्ट एकच, वरून बोलावणं येण्याची आशा. खेळाडू संघटनेच्या २०२३ च्या सामूहिक करारात तिथला किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर ठरला. मेजर लीगमध्ये २०२५ चा किमान पगार ७,६०,००० डॉलर, म्हणजे वर काढलेल्या एकेका दिवसाचे चार हजारांच्या वर. शिवाय वर ४३ दिवस भरले की पेन्शनचा हक्क. ज्याचे तीसेक दिवस झालेत त्याने अजून एक उन्हाळा कळ काढावी, असंच मी म्हणेन.

बाकीच्यांनी पिचर एडविन जॅक्सनची वाटचाल बघावी. २५ जून २०१० ला ॲरिझोनासाठी त्याने १४९ चेंडू टाकले, आठ वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकटचा बेस) दिले, तरी नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता सामना, पुरी केली. पाच आठवड्यांनी संघाने त्याला शिकागोला देऊन टाकलं! पुढच्या जुलैत शिकागोने टोरांटोला दिला, टोरांटोने त्याच दिवशी सेंट लुइसला. टोरांटोकडून तो प्रत्यक्ष खेळला थेट २०१९ मध्ये. तो त्याचा चौदावा संघ, तेव्हाचा विक्रम. आणि हा तर वर टिकलेला माणूस.

कोरियात नव्या परदेशी खेळाडूवर पहिल्या वर्षी दहा लाख डॉलरपर्यंत खर्च करता येतो. आशियाई खेळाडूची वेगळी जागा सोडली तर संघात परदेशी जेमतेम तिघे, त्यामुळे भार सगळा तुमच्यावर. इंग्लंडच्या क्लबात ‘प्रो’ म्हणून गेलेल्या आपल्या रणजीपटूंना हे ओळखीचं वाटेल. दोन महिने वाईट गेले की बदली माणूस विमानात बसलाच म्हणून समजा. तिथले दिवस मेजर लीगच्या पेन्शनमध्येही धरत नाहीत.

परतीची वाट आहे, पण अरुंद. पिचर मेरिल केली मेजर लीगमध्ये एकही चेंडू न टाकता २०१५ ला कोरियात गेला, चार मोसम खेळला, २०१९ ला ॲरिझोनात आला. २०२३ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या, दुसऱ्या सामन्यात सात इनिंग टाकल्या, नऊ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) घेतले, एकच रन दिला. एजंट त्याचंच नाव घेतात. न परतलेल्यांचं कशाला घेतील?

जपानमध्ये स्टार्टरला, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरला, साधारण आठवड्यातून एकदाच टाकावं लागतं, हे खांद्याला बरं. पण पहिल्या संघात परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या. त्या भरल्या की दुसऱ्या संघात, ‘नि-गुन’मध्ये.

स्टार्टर असाल तर कोरिया, माझं मत पक्कं आहे. रिलीव्हरला, म्हणजे मधेच त्याची जागा घेणाऱ्या पिचरला, हा प्रश्न सहसा पडतच नाही, कारण कोरियन संघ तीन जागांतली एक त्याच्यावर क्वचितच खर्च करतात.