शेतातील जड कामांसाठी ड्रिल मशीन : उच्च टॉर्कची कॉर्डलेस की वायरची?

मृगापूर्वीचे दोन महिने आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, डागडुजीचे असतात. वखर, डवरे आणि कल्टिव्हेटर यांचे ढिले झालेले जोड आवळले जातात, गोठ्याची कुजलेली बल्ली बदलली जाते आणि रोही (नीलगाय) व रानडुकरांपासून तूर-हरभरा वाचवण्यासाठी कुंपणाचे अँगल उभे राहतात. यांपैकी बहुतेक कामांत लोखंडात किंवा लाकडात भोक पाडावे लागते. वेल्डिंग आणि जोडकामाचे लहानसे दुकान चालवत असल्यामुळे या दिवसांत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : तीन-चार हजारांची वायरची मशीन घ्यावी, की तिच्या सहा ते दहा पट किमतीची, दोन बॅटऱ्यांसह मिळणारी उच्च टॉर्कची कॉर्डलेस? दोन्ही मशीन मी रोज वापरतो. माझ्या मते या निवडीत टॉर्कचा आकडा दुसऱ्या क्रमांकावर येतो. आपले काम विजेच्या प्लगपासून किती लांब आहे आणि ते सलग किती वेळ चालते, हे आधी पाहिले पाहिजे.

तरीही आकडा समजून घ्यावा लागतो, कारण खोक्यावर तोच सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. टॉर्क म्हणजे पिळण्याचे बळ आणि ते न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगले, तर नटावर सुमारे १०० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. १८ व्होल्टच्या साध्या कॉर्डलेस ड्रिलचा पीळ ५०-६० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. मकिताच्या डीएचपी ४८६ या मॉडेलचा तो १३० आहे आणि बॉशच्या जीएसबी १८व्ही-१५० सी या मॉडेलचा १५०. मात्र हे कठीण जोडावरचे, म्हणजे बोल्ट घट्ट बसून एकदम अडल्यावर मोजलेले कमाल आकडे आहेत. लाकडात लांब स्क्रू जाताना जसा हळूहळू वाढणारा भार येतो, त्या भारावर हीच मशीन अनुक्रमे ६५ आणि ८४ न्यूटन-मीटर देतात. दोन मशीनची तुलना करताना एकीचा कठीण जोडाचा आकडा आणि दुसरीचा मऊ जोडाचा आकडा शेजारी ठेवला जाणार नाही, एवढी काळजी घ्यावी. ‘२० व्होल्ट’ असे छापलेली मशीन १८ व्होल्टच्या मशीनपेक्षा ताकदवान असते, हाही गैरसमज आहे. दोन्हींत पाचच सेल असतात. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीचे व्होल्टेज वीसच्या घरात असते आणि कामाच्या भरात ते अठराच्या आसपास राहते.

वायरच्या १३ मिलिमीटर चकच्या (चक म्हणजे बिट धरणारा जबडा) साध्या मशीनची मोटर साधारण सहाशे वॅटची असते आणि ती मोकळी फिरताना मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेते. तिला बहुधा एकच गिअर असतो. तिची शक्ती फेऱ्यांत खर्च होते आणि पिळासाठी थोडी उरते. पाच-सहा मिलिमीटरच्या भोकाला याने काही बिघडत नाही, पण कल्टिव्हेटरच्या आठ मिलिमीटर जाड पट्टीत १२ मिलिमीटरचे भोक पाडायचे असेल, तर बिटाची, म्हणजे भोक पाडणाऱ्या सळीची, धार टिकण्यासाठी मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे पुरेसे असतात. तीन हजार फेऱ्यांवर बिट लोखंड कापण्याऐवजी घासतो, टोक निळे पडते आणि शंभर-दीडशे रुपयांचा बिट दोन भोकांत निकामी होतो. बटण हलके दाबून वेग कमी केला, तर पीळही कमी होतो आणि बिट अडकला की मोटर घुरघुरत तापते. वर सांगितलेल्या दोन्ही कॉर्डलेस मशीनच्या खालच्या गिअरमध्ये कमाल ५५० फेरे मिळतात. जाड लोखंडाला असाच वेग हवा असतो. आधी पाच मिलिमीटरचे भोक पाडून, मग खालच्या गिअरवर १२ चा बिट लावून, थोडे तेल सोडत गेले, की लोखंडाची लांब वळीदार साल निघू लागते. ती तशी निघाली की काम बरोबर चालले आहे असे समजावे.

लाकडात हा फरक आणखी ठळक दिसतो. बाभळीच्या किंवा जुन्या सागाच्या बल्लीत २५ मिलिमीटरचा ऑगर बिट (लाकडासाठीचा पिळाचा बिट) घातला, की त्याचे टोकाचे स्क्रू स्वतःच बिटाला आत ओढते आणि मशीनवर एकदम भार येतो. साधी वायरची मशीन येथे थांबते. उच्च टॉर्कची कॉर्डलेस मशीन सरळ पार जाते. प्लास्टिकच्या टाकीला दीड-दोन इंची भोक पाडण्यासाठी होल-सॉ, म्हणजे दातेरी गोल करवत, लागतो आणि त्यालाही कमी वेग व जास्त पीळच हवा असतो. याउलट टिनाच्या शेडचे सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू बसवणे किंवा विटांच्या भिंतीत खुंटीचे भोक पाडणे, एवढीच कामे असतील, तर १३० न्यूटन-मीटरची मशीन घेणे म्हणजे पैसे अडकवून ठेवणे आहे.

वीज कुठे आहे आणि किती वेळ आहे

कॉर्डलेसच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा आपल्या भागात विजेचा आहे. शेतीपंपाच्या फीडरवर वीज ठरावीक तासच असते आणि पाळी रात्रीची असली तर दिवसा ती नसतेच. अनेक जण स्टार्टरच्या पेटीतून तार काढून मशीन चालवतात. हे मी कोणालाही सुचवणार नाही, कारण त्या पेटीत तीन फेज असतात आणि चुकीच्या दोन तारांवर मशीन लागली, तर तिला २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. कुसुम आणि ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ या योजनांमधून ज्यांच्या शेतात सौरपंप बसला, त्यांच्याकडे तर बहुधा साधा प्लग लावण्याची सोयच उरली नाही, कारण पंपाचा साधा कंट्रोलर मोटर चालवण्यापुरताच असतो. घरून लांब वायर ओढणे हा उपाय जवळच्या शेतालाच लागू पडतो. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा शंभर मीटरचा गुंडाळा वापरला, तर चार अँपिअरच्या भाराला वीसेक व्होल्ट वायरमध्येच जातात. गावात दाब आधीच कमी असेल, तर मशीनचा जोर ओसरल्याचे हाताला स्पष्ट कळते.

विहिरीचा मुद्दा मी वेगळा मांडतो. पाइपाचा क्लॅम्प बसवण्यासाठी किंवा शिडीची कडी आवळण्यासाठी ओल्या विहिरीत २३० व्होल्टची वायर सोडणे अत्यंत धोक्याचे आहे. अशा कामासाठी १८ व्होल्टची बॅटरीवरची मशीन एखाद्या दिवसापुरती मागून आणावी लागली, तरी ती आणावी.

आता दुसरी बाजू. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास या बॅटरीत ९० वॅट-तास ऊर्जा असते. जाड बिटावर मशीन सलग सहाशे वॅट खेचू लागली, तर हा साठा नऊ मिनिटांत संपतो. कामात मधून मधून थांबावे लागते म्हणून प्रत्यक्षात तो जास्त पुरतो आणि पाच मिलिमीटरच्या अँगलमध्ये सहा मिलिमीटरची शंभरावर भोके एका बॅटरीत सहज होतात. तरीही सलग कामाला कॉर्डलेस योग्य नाही. चार एकरांच्या चौकोनी शेताला दहा-दहा फुटांवर अँगल लावायचे ठरवले, तर सुमारे १६७ अँगल लागतात आणि प्रत्येकाला तारेची चार भोके धरली, तर साडेसहाशेच्या पुढे भोके होतात. हे काम अँगल शेतात नेण्यापूर्वी, घरी किंवा दुकानात, वायरच्या मशीनला स्टँड लावून करावे. तेच तेथे स्वस्त, जलद आणि सरळ रेषेत होते. शेतात गेल्यावर फाटकाच्या बिजागऱ्या, कोपऱ्याचे आडवे टेकू आणि झटका मशीनच्या (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राच्या) इन्सुलेटरचे पट्टे जागेवर बसवण्यासाठी कॉर्डलेस लागते. रंग, पुट्टी किंवा सिमेंटचा घोळ घोटण्याचे कामही वायरच्या मशीनकडेच ठेवावे.

दगडासाठी दोन्ही अपुऱ्या

पश्चिम विदर्भातल्या काळ्या पाषाणात किंवा जुन्या सिमेंटच्या खांबात भोके पाडायची असतील, तर या तुलनेत तिसरी मशीन आणावी लागते. वायरच्या साध्या मशीनचे आणि कॉर्डलेस हॅमर ड्रिलचे ठोके दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घसरून तयार होतात. ठोके भरपूर असतात, पण प्रत्येक ठोक्यात जोर थोडा असतो. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेच्या दाबाने बिटावर आदळतो. बॉशच्या जीबीएच २-२६ या मशीनचा एक ठोका २.७ जूलचा आहे. एसडीएस हा तिचा खाचेचा बिट १९७५ मध्ये आला आणि आता तालुक्याच्या दुकानातही मिळतो. पाषाणात टॉर्क वाढवून काही साधत नाही. ज्यांचे निम्मे काम दगड-काँक्रीटचे आहे, त्यांनी कॉर्डलेसचा विचार बाजूला ठेवून आधी रोटरी हॅमर घ्यावी.

मनगट, ऊन आणि दुरुस्ती

ज्या ताकदीसाठी आपण पैसे देतो, तीच ताकद हाताला इजा करू शकते. भोक पार होत असताना बिट कडेला अडकला, तर बिट थांबतो आणि मशीन फिरते. १३० न्यूटन-मीटरच्या मशीनचा झटका अक्षापासून ३० सेंटीमीटरवर धरलेल्या बाजूच्या दांड्याला सुमारे ४४ किलोच्या जोराने बसतो. दांडा न लावता फक्त मूठ धरली, तर अंतर निम्मे होते आणि जोर दुप्पट. एकदा घाईत दांडा न लावता मी ट्रॉलीच्या पट्टीत भोक पाडत होतो. बिट अडकला, हात पिळून चेसिसवर आदळला आणि मनगट पंधरा दिवस सुजलेले राहिले. तेव्हापासून दांड्याशिवाय खालचा गिअर लावायचा नाही, असा दुकानात नियम आहे. झटका ओळखून आपोआप थांबण्याची सोय काही मॉडेलांत असते आणि तिच्यासाठी थोडे जास्त पैसे देणे मला योग्य वाटते. उन्हापासून बचावासाठी गळ्यात गुंडाळलेला दुपट्टा मशीन चालवताना काढून ठेवावा. त्याचे लोंबते टोक चकमध्ये गेले, तर बटण सोडायलाही वेळ मिळत नाही.

बॅटरीला आपला उन्हाळा मानवत नाही. लिथियम-आयन बॅटरी ४० ते ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे बहुतेक उत्पादक सांगतात आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणून या दिवसांत बॅटरी पहाटे किंवा रात्री, घरातल्या सर्वांत थंड खोलीत चार्ज करावी आणि टिनाच्या शेडमध्ये किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. जड कामानंतर तापलेली बॅटरी चार्जरला लावली, तर चांगला चार्जर ती थंड होईपर्यंत थांबतो. त्याला बिघाड समजू नये. भारनियमनाची अडचण मात्र वाटते तेवढी नाही, कारण ९० वॅट-तासांची बॅटरी भरायला घरच्या इन्व्हर्टरमधील साठ्याचा लहानसा भाग लागतो. दोन अँपिअरच्या चार्जरला अडीच तासांहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे संचात वेगवान चार्जर आहे का हे पाहावे.

दुरुस्तीत वायरची मशीन स्पष्टपणे सरस आहे. तिचा कार्बन (मोटरचा झिजणारा ब्रश) थोडक्या पैशांत बदलून मिळतो आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, जळले, तरी तालुक्याच्या गावी वाइंडिंग करणारा कारागीर सापडतो. ब्रशलेस कॉर्डलेसमध्ये कार्बनच नसतो, म्हणून ती झिजते कमी. पण तिचे इलेक्ट्रॉनिक सर्किट गेले, तर अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते आणि पेरणीच्या तोंडावर हे दिवस महागात पडतात. बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते, हा खर्च आरंभीच हिशेबात धरावा. स्वस्तातली नक्कल बॅटरी घेऊ नये, कारण जड भाराखाली तिचे सेल तापतात आणि मशीनही खराब होण्याची भीती असते.

ज्याचे घर आणि शेत जवळ आहे आणि वर्षाकाठी दहा-वीस भोकेच पाडायची आहेत, त्याने वायरची मशीन घ्यावी आणि उरलेल्या पैशांतून चांगले बिट व जाड एक्स्टेन्शन वायर घ्यावी. ज्याची अवजारे शेतातच मोडतात, ज्याच्याकडे सौरपंप आहे, किंवा जो गावोगाव फिरून फाटक, शेड आणि ट्रॉलीची कामे करतो, त्याने उच्च टॉर्कची कॉर्डलेस घ्यावी, पण दोन बॅटऱ्यांसहच. एका बॅटरीवर जड काम करणारा माणूस अर्धा वेळ चार्जरकडे पाहत बसतो. दुकानात जाताना आठ मिलिमीटर जाडीची पट्टी आणि १२ चा धारदार बिट सोबत न्यावा, बाजूचा दांडा लावून खालच्या गिअरवर एक भोक स्वतः पाडून पाहावे, आणि बिलावर मशीनसोबत दोन्ही बॅटऱ्यांचे क्रमांक लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.