चिंपांझींच्या टोळीयुद्धाला जबाबदार कोण, माणूस का निसर्ग?

रंकाळ्यावर आमच्या ग्रुपात हा वाद चालूच असतोय भावांनो. एक बाजू म्हणते माणसानंच बिघडवलं, टांझानियात गोंबेच्या जंगलात चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडाल यांच्या कँपवर केळी वाटायचे, गर्दी व्हायची, भांडणं वाढली आणि मग १९७४ पासून कासाकेला टोळीनं त्यांच्यातूनच फुटून गेलेल्या कहामा टोळीचे नर एकेक करून मारले. ऐकायला पटतंय.

पण युगांडातलं न्गोगो बघा की, तिथं केळी-बिळी काय नाही, जंगल भरपूर, तरी तिथल्या चिंपांझींनी १० वर्षांत शेजारच्या टोळ्यांतले २१ जण मारले आणि २००९ मध्ये त्या शेजाऱ्यांच्याच जागेत चरायला लागले, हद्द २२ टक्क्यांनी वाढली! गुपचूप रांगेत जायचं, एकटा दिसला की सगळ्यांनी धरायचं.

२०१४ मध्ये संशोधकांनी चिंपांझींच्या १८ टोळ्यांचा हिशोब लावला तर खुनांचा माणसाच्या त्रासाशी मेळ बसेना, नर जास्त आणि दाटी जास्त तिथं खून जास्त. हल्लेखोर साधारण ८ असले तर समोर १, म्हणजे स्वतःला धोका कमीच. मला तरी दुसरी, म्हणजे निसर्गाची बाजूच खरी वाटते. या हल्ल्यांत मेलेल्या पिल्लांचं वाचून मात्र लय वाईट वाटतं राव.