आयर्लंडची १९०१ आणि १९११ ची खानेसुमारी: शोधपेटी बेताची, कागद अव्वल

आपल्याकडे जनगणनेची घरोघरची पत्रकं १९४८ च्या कायद्याने बंद, त्यामुळे कुळाचा माग काढणारा शेवटी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांशी येऊन थांबतो. आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जने मात्र १९०१ आणि १९११ ची संपूर्ण शिरगणती मूळ कागदांच्या चित्रांसकट आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवली आहे. वर्गणी नाही, काही नाही. त्याआधीचं मात्र फारसं मिळणार नाही. १८२१ ते १८५१ चे बहुतेक कागद १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आगीत गेले, १८६१ आणि १८७१ चे सरकारनेच नष्ट केले, तर १८८१ आणि १८९१ च्या कागदांचा पहिल्या महायुद्धात लगदा झाला.

शोधपेटीवर फार विसंबू नका. जुनं हस्ताक्षर वाचून केलेल्या टंकलेल्या नकलेत चुका भरपूर आहेत, त्यात आडनावामागचं 'ओ' किंवा 'मॅक' कधी असतं, कधी गळतं. काहींनी तर अर्ज आयरिश भाषेत भरलाय, तिथे इंग्रजी नाव टाकून काहीच हाती लागत नाही. नाव सापडलं नाही तर आडनाव सोडून द्या; पाळण्यातलं नाव, अंदाजे वय आणि काउंटी (म्हणजे जिल्हा) एवढंच टाका. तेही जमलं नाही तर काउंटी, विभाग, मग टाउनलँड (म्हणजे आपली वाडी समजा) असं उतरत जाऊन एकेक घर उघडा. वेळ लागतो, पण शेजारीपाजारी राहणारे चुलते यातच सापडतात.

घर सापडलं की नक्कल बाजूला ठेवा आणि चित्रं उघडा. 'ए' अर्ज कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला. लिहिता येत नसेल तर पोलीस शिपायाने भरून दिलेला आणि खाली सहीऐवजी फुली. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि तिथेच चुकतात. 'बी-१' मध्ये घराच्या भिंती दगडविटांच्या की मातीच्या, छप्पर कौलाचं की गवताचं, खोल्या किती, दर्शनी खिडक्या किती हे तर आहेच; शिवाय घर कोणाच्या जमिनीवर उभं आहे त्याचं नावही आहे. ते नाव घेऊन ग्रिफिथच्या मूल्यांकनात (एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कर बसवण्यासाठी केलेली आयर्लंडभरच्या जमीन-घरांची यादी) मागे जाता येतं. 'बी-२' मध्ये गोठे, तबेले, कोठारं. एक खबरदारी घ्या: 'बी-१' वरचा घर क्रमांक हा मोजणाऱ्याचा अनुक्रम आहे, दारावरचा नव्हे.

१९११ च्या अर्जात विवाहित बायकांना लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, हयात किती, हे विचारलंय. विधवांनी हे लिहायचं नव्हतं, पण अनेकींनी लिहिलं आणि मोजणाऱ्याने त्यावर काट मारली. काटेखालचा आकडा चित्रात स्पष्ट वाचता येतो.

वयावर भरवसा ठेवू नका. १९०१ ला छप्पन्नचा असलेला म्हातारा १९११ ला सत्तरीला टेकलेला दिसला तर घाबरू नका, माणूस बहुधा तोच आहे. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झालं होतं, आणि सार्वत्रिक जन्मनोंदणी १८६४ ची, म्हणजे म्हाताऱ्यांकडे दाखला नव्हताच. त्यापेक्षा मुलांची वयं धरा आणि सरकारी जन्मनोंदींशी ताडून पाहा; त्याही ऑनलाइन फुकट आहेत. रविवारी रात्री (३१ मार्च १९०१, २ एप्रिल १९११) जो ज्या घरात होता त्याची नोंद तिथेच, त्यामुळे बाप यादीत नाही म्हणून तो वारला असं धरू नका. पोलीस बराकी आणि वेड्यांच्या इस्पितळांत तर फक्त आद्याक्षरं आहेत. तिथे वय, धर्म आणि जन्मकाउंटी जुळवूनच माणूस ओळखायचा.

जन्मस्थळाच्या रकान्यात आयर्लंडबाहेर जन्मलेल्यांसाठी फक्त देश मागितला होता. म्हणून पलटणीबरोबर हिंदुस्थानात आलेल्या आयरिश शिपायाचं पोर नुसतं 'इंडिया' किंवा 'ईस्ट इंडीज' एवढ्यावरच निभावतं; पुण्याचं की देवळालीचं, ते कळत नाही. त्यासाठी ब्रिटिश लायब्ररीतल्या मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदी, 'एन/३' मालिका, पाहायला लागते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत गाव मिळतं आणि बहुतेकदा बापाची पलटणही.