काठावरच्या रंगाला भुलू नका: पितळाच्या अ‍ॅनिलिंगमधली फसवणूक

अंबडला आमचं प्रेसचं वर्कशॉप आहे. द्राक्षबागांच्या फवारणी पंपांसाठी पितळी पत्र्याच्या टोप्या प्रेसवर दाबून ओढतो. ओढताना पितळ कडक होतं, आत ताण राहतो, म्हणून अ‍ॅनिलिंग, म्हणजे भट्टीत तापवून नरम करणं, लागतंच. ते काम बाहेर एका भट्टीवाल्याकडे द्यायचो. माल परत यायचा तेव्हा प्रत्येक टोपीच्या काठावर तापवल्यावर येते तशी छान निळसर-तपकिरी झाक असायची, सोबत हार्डनेसचा (कडकपणाचा) रिपोर्ट, आणि बिल पूर्ण भट्टीचं.

ऐन पावसाळ्यात पिंपळगाव बसवंतच्या दुकानदाराचा फोन आला. टोप्या खोक्यातच तडकल्या होत्या. त्यांचं गोदाम गोठ्याला लागून आहे. टोपी हातात घेतली तर पोटावर केसाएवढी उभी चीर, आणि ती नेमकी त्या रंगीत काठापाशी येऊन थांबलेली! हार्डनेस मोजून घेतला: काठावर ८० विकर्सच्या आसपास, पोटावर दीडशे (विकर्स हे कडकपणाचं माप, आकडा जास्त तितकं पितळ कडक). भट्टी लागलीच नव्हती. गॅसच्या टॉर्चने नुसता काठ शेकला होता. जुने रिपोर्ट काढले, तर लॉट नंबर वेगळे आणि आकडे मात्र सगळीकडे तेच.

भट्टीवाल्याला जाब विचारला तर म्हणतो, "साहेब, बंदुकीच्या काडतुसाचंसुद्धा तोंडच तापवतात." हे अर्धसत्य फार घातक आहे. काडतुसाचं बूड मुद्दाम कडक ठेवतात, कारण बार उडताना दाब त्यालाच सोसायचा असतो. तोंड नरम करतात ते तिथे चिरू नये म्हणून. आमच्या टोपीचा ताण सगळ्या अंगात होता. आणि काडतुसांनीही हे भोगलंय: इंग्रजांच्या काळात भारतात घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळातला ताण हे तिन्ही एकत्र आले की असं होतं.

जॉबवर्क देणाऱ्यांनो, रंग पाहून माल उतरवून घेऊ नका. आलेल्या लॉटमधले चार नग स्वतः निवडा आणि पोटावर, बुडाजवळ हार्डनेस मोजा. भट्टीचं तापमान आणि वेळ मालासोबतच्या चलनावर लिहून घ्या. रिपोर्ट मागच्या रिपोर्टशी ताडून बघा.

आमचे पैसे अजून अडकलेत. असा माल तुमच्याकडे पडून असेल तर आधी गोठा आणि खताच्या गोदामापासून लांब हलवा. चीर नसलेले नग २५० ते ३०० अंशांवर तासभर भट्टीत ठेवले तर ताण बराच उतरतो. तडकलेले मात्र भंगारातच घाला.