तेशिमा आर्ट म्युझियम: इथे पाण्याला वाट द्यायची

निसर्ग आणि माणूस यांचं नातं सांगणाऱ्या इमर्सिव्ह, म्हणजे प्रेक्षकाला आत सामावून घेणाऱ्या, कलाकृती आता जगभर आहेत. लंडनच्या बार्बिकन कलाकेंद्रात २०१२ साली आलेल्या ‘रेन रूम’मध्ये कॅमेरे माणसाची जागा टिपायचे आणि तो उभा असेल तिथला पाऊस थांबायचा. टोकियोच्या टीमलॅब प्लॅनेट्स या डिजिटल कलेच्या संग्रहालयात पाण्यात उतरून चालायचं, पाण्यावर प्रकाशाचे कोई मासे पोहतात आणि पायाला लागले की त्यांची फुलं होतात. दोन्हीकडे निसर्ग आपली दखल घेतो, आपल्या हालचालींप्रमाणे वागतो. जपानच्या तेशिमा बेटावरचं आर्ट म्युझियम याच्या बरोबर उलट्या बाजूला उभं आहे. तिथे बाजूला सरायचं ते आपण. या प्रकारातली एकच जागा बघायची असेल, तर ती हीच.

म्युझियम २०१० च्या ऑक्टोबरमध्ये उघडलं. आत कलाकृती एकच, रेई नाइतो यांची ‘मॅट्रिक्स’. इमारत र्‍यूए निशिझावा यांची, तिचं स्ट्रक्चर मुत्सुरो सासाकी यांचं. जमिनीवर नुकत्याच पडलेल्या थेंबासारखं हे काँक्रीटचं कवच सुमारे ४० बाय ६० मीटर आहे, उंची जास्तीत जास्त साडेचार मीटर, जाडी २५ सेंटीमीटर आणि आधाराला एकही खांब नाही. नेहमीच्या फळ्यांच्या सेंटरिंगवर असा सलग, बुटका वक्र आकार आणणं कठीण. म्हणून आधी मातीचा ढिगारा हव्या त्या आकारात रचला, त्यावर काँक्रीट ओतलं आणि ते पक्कं झाल्यावर आतली माती उपसून काढली. फळ्यांचे जोड कुठे दिसत नाहीत ते यामुळेच. ही हकिगत माहीत करून आत गेलात तर छताकडे बघायची नजरच बदलते.

छताला दोन मोठी लंबगोल भोकं आहेत. काच नाही, जाळी नाही. ऊन, वारा, पाऊस, पानं, किडे, पाखरं सगळं सरळ आत येतं. मात्र खरी घटना पायाशी घडते. फरशीतल्या बारीक छिद्रांतून भूजल थेंबाथेंबाने वर येतं. फरशी पाणी न शोषणारी, अळवाच्या पानासारखी, त्यामुळे थेंब पसरत नाही, मणी होऊन बसतो. एकच छिद्र निवडा आणि तिथेच थांबा. मणी फुगतो, थरथरतो. पृष्ठताण त्याला धरून ठेवतो, पण वजन वाढलं की डोळ्यांना न दिसणाऱ्या उतारावरून तो सुटतो, लांबट होतो, मागे शेपटी ओढत पळतो आणि मध्येच अडतो. मागून दुसरा येऊन त्याला मिळाला की दोघं पुन्हा चालू लागतात. एखादी वाऱ्याची झुळूक आली की वाट बदलते. शेवटी सगळे सखल जागी जाऊन तळं होतात. यात कुठेही सेन्सर नाही. उतार, वजन आणि वारा एवढ्यावर सगळं चालतं, आणि तरीही पुढचा थेंब कुठे जाईल ते सांगता येत नाही.

इथे लोकांचं चुकतं ते ठरावीक गोष्टींत. मधोमध उभं राहून छत बघायचं आणि दहा मिनिटांत निघायचं, ही पहिली चूक. खाली बसल्याशिवाय थेंब दिसतच नाहीत. कोरडी जागा बघून बसा आणि किमान एक तास हाताशी ठेवा. दुसरी चूक चालताना. जमिनीवर छोटे पांढरे गोळे आणि चकत्या ठेवलेल्या असतात, त्याही कलाकृतीचाच भाग. वर बघत चालणाऱ्याच्या पायाला त्या हमखास लागतात. तिसरी गोष्ट आवाजाची. वक्र छतामुळे कुजबुजसुद्धा पलीकडच्या टोकाला पोचते, म्हणून चेन, वेल्क्रो, पिशव्यांची सळसळ हे सगळं दाराबाहेरच उरका. बूट बाहेर काढावे लागतात, तेव्हा मोज्यांचा एक जास्तीचा जोड जवळ असू द्या. आत फोटोला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. हातात फोन असता तर थेंबाजवळ इतका वेळ कोण बसलं असतं?

हवामानाने अनुभव खूप बदलतो. लख्ख उन्हात भोकांमधून आलेला उजेड फरशीवर सरकताना दिसतो. धो धो पावसात भोकांखाली डबकी होतात आणि नाजूक हालचाल छताखालच्या भागात शोधावी लागते. पाऊस नुकताच उघडलाय अशी वेळ सगळ्यात उत्तम. हिवाळ्यात मात्र फरशी गारठलेली असते, फार वेळ बसवत नाही.

जाण्याचं नियोजन सैल ठेवून चालणार नाही. प्रवेशाची वेळ आधी ऑनलाइन बुक करा. मंगळवारी सहसा बंद असतं आणि डिसेंबर ते फेब्रुवारी सुट्टीचे वार वाढतात, म्हणून तारीख संकेतस्थळावर तपासूनच बोट ठरवा. बोटी उनो आणि ताकामात्सु या बंदरांहून सुटतात. फेऱ्या थोड्या, छोट्या बोटींत जागा मोजकी, म्हणून परतीची वेळ आधी पक्की करा आणि शेवटच्या बोटीवर विसंबू नका. तेशिमाच्या इएउरा बंदरावर बॅटरीच्या सायकली भाड्याने मिळतात. रस्ता चढ-उताराचा असल्यामुळे साध्या सायकलीने दमछाक होते. बस आहे, पण दोन फेऱ्यांमध्ये बराच वेळ जातो. बेटावरच्याच कारातो बंदराहून मात्र पायी चढून जाता येतं. दर तीन वर्षांनी भरणाऱ्या सेतोउची त्रिएनाले या कलामहोत्सवाच्या काळात गर्दी असते, तेव्हा शांतता हवी असेल तर ते महिने टाळा.

बेटाचा इतिहास म्युझियमच्या आत कुठे सांगितलेला नाही, आणि ही उणीव मला खटकते. याच तेशिमावर १९७० च्या दशकापासून १९९० पर्यंत बेकायदा औद्योगिक कचरा टाकला गेला. रहिवासी वर्षानुवर्षं लढले, २००० साली तडजोड झाली आणि नऊ लाख टनांहून जास्त कचरा आणि दूषित माती पुढे शेजारच्या नाओशिमा बेटावर नेऊन प्रक्रिया करावी लागली. म्युझियमभोवतीची भातखाचरंही पडीक झाली होती, ती गावकऱ्यांच्या साथीने पुन्हा कसली गेली. हे ठाऊक असेल तर जमिनीतून वर येणाऱ्या स्वच्छ थेंबाचं मोल कळतं. तिकीट घराकडून इमारतीकडे जाणारी पायवाट टेकडीला वळसा घालून, झाडीतून आणि समुद्राच्या बाजूने जाते. तिथे घाई करू नका, खाचरं नीट बघून मगच आत शिरा.

वेळ उरला तर कारातोजवळच्या किनाऱ्यावर फ्रेंच कलाकार ख्रिस्तियां बोल्तान्स्की यांचं हृदयाच्या ठोक्यांचं संग्रहालय आहे. तिथे स्वतःचे ठोके नोंदवता येतात. पण दिवसात दोन्हींपैकी एकालाच पुरेसा वेळ देता येणार असेल, तर तो थेंबांना द्या.